सही कोणाची?

आमच्याकडे कोणाचं कार्ड आलं की अण्णा ते उलटं धरून द्यायचे. पत्त्याची बाजू वर, मजकुराची खाली. तालुक्याच्या गावी ते सब-पोस्टमास्तर होते आणि पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. घर कुठे संपतं आणि ऑफिस कुठे सुरू होतं हे आम्हा मुलांना कधी नीट कळलंच नाही. वितळलेल्या लाखेचा वास, तारखेच्या शिक्क्याची ठकठक आणि भिंतीला टेकवलेल्या थैल्या यांतच आम्ही वाढलो. एकदा टेबलावर पडलेलं कोणाचं तरी कार्ड मी वाचलं आणि जेवताना त्यातली बातमी मोठ्या ऐटीत सांगितली. कार्ड उघडंच असतं, कोणीही वाचलं असतं. अण्णांनी मारलं नाही, पण ताटावरून उठवलं. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाची खबर आणणारं, कार्ड तेवढं अपवाद. ते वाचावं लागत नसे, आणि त्याच्यासाठी पोस्टमनने जेवण अर्धं टाकून निघायचं, असा अण्णांचा दंडक होता.

रजिस्टर पत्राची तऱ्हा वेगळी. ते ज्या ज्या हातात जाई तिथे तिथे सही होई. खिडकीवर एक, थैली बांधताना एक, मेल गाडीत चढवताना एक, पलीकडच्या ऑफिसात उतरल्यावर आणखी एक, आणि शेवटी ज्याचं पत्र त्याची. निरक्षर असला तर अंगठा, आणि अंगठ्याशेजारी साक्षीदार. पत्र हरवल्याची तक्रार आली की अण्णा शांतपणे रजिस्टरं काढून बसत. "शेवटची सही शोधायची. पत्र तिच्या पुढे गेलेलं नाही." टपालखात्यातल्या छत्तीस वर्षांत ते जे काही शिकले त्याचं सार या दोन वाक्यांत होतं असं मला वाटतं. सरकार कोणाचा फोन ऐकतं, कोणाच्या मोबाइलमध्ये शिरतं, अशी बातमी आली की माझं मन अजूनही त्या रजिस्टरांपाशी जातं.

ग्यानी झैलसिंग यांची गोष्ट मी प्रथम ऐकली ती याच घरात. १९८६च्या अखेरीस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी टपाल कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. राजीव गांधींचं सरकार होतं आणि लोकसभेत चारशेहून जास्त खासदार त्यांचे होते. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी टपालातली पत्रं अडवण्या-उघडण्याचा अधिकार त्या दुरुस्तीत सरकारला दिलेला होता. विधेयक राष्ट्रपतींकडे सहीला गेलं आणि तिथेच राहिलं. झैलसिंगांनी सही केली नाही, नकारही कळवला नाही आणि फेरविचारासाठी परतही पाठवलं नाही. राज्यघटनेच्या १११व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी काय काय करावं ते आहे, पण किती दिवसांत करावं हे नाही. त्या रिकाम्या जागेत ग्यानीजींनी ते विधेयक ठेवून दिलं आणि २५ जुलै १९८७ला मुदत संपल्यावर ते घरी गेले.

हे सगळं करणारा माणूस कोण होता? आपल्या नेत्याने झाडू हातात घ्यायला सांगितलं तर तोही घेईन, असं १९८२मध्ये राष्ट्रपतिपदासाठी नाव आल्यावर म्हणालेला. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर थट्टा केली होती, आमच्या ओट्यावरही झाली होती. पण याच माणसाने त्याआधी दोन वर्षं देशाचं गृहखातं सांभाळलं होतं. पत्रं कशी उघडली जातात, कोण उघडतं आणि त्याचा कागद कोणाच्या टेबलावरून जातो हे त्यांना ठाऊक नसेल असं मानायला मी तयार नाही. राष्ट्रपती भवनात आपलं बोलणं चोरून ऐकलं जातं अशी त्यांना शंका होती आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते पाहुण्याला बागेत घेऊन जात, असं सांगतात. राजीव गांधींशी त्यांचं फाटलं होतं हेही उघडच होतं. तेव्हा ही सगळी तत्त्वाची लढाई होती असं मी म्हणणार नाही. रागही असेल, थोडा सूडही असेल. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "सही केली नाही ना? मग झालं," एवढंच ते म्हणाले.

पुढे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी जानेवारी १९९०मध्ये ते विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं आणि २००२मध्ये सरकारने ते मागे घेतलं.

मात्र सही न झाल्यामुळे पत्रं सुरक्षित राहिली, असा समज करून घेण्यात अर्थ नाही. १८९८चा इंग्रजांचा टपाल कायदा जिवंतच होता आणि त्याचं २६वं कलमही. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी गरज असेल तर लेखी हुकमाने पत्र अडवता येई. आता आणीबाणी आहे की नाही हे कोणी ठरवायचं? त्याचीही सोय त्याच कलमात होती. शंका आल्यास सरकारचं प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा. चोराने स्वतःच्याच चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावा तसला हा प्रकार. स्वातंत्र्यानंतर तो कोणी खोडला नाही. नेताजींच्या कुटुंबीयांची पत्रं गुप्तचर विभाग १९४८पासून १९६८पर्यंत उघडून वाचत होता, त्यांच्या नकला करून ठेवत होता, हे २०१५मध्ये फायली बाहेर आल्यावर जगाला कळलं. वीस वर्षं. आणि ज्या गुप्तचर विभागाने ते केलं त्याची स्थापना १८८७ची. त्याचे अधिकार ठरवून देणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही.

उघडलेली पत्रं आमच्याही घरात आली आहेत. आणीबाणीत माझा मामा मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होता. समाजवादी, खादीवाला, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण सभा घ्यायचा. त्याचं पत्र आलं की त्यावर तुरुंगाचा तपासणीचा शिक्का असे, कधी एखादी ओळ काळ्या शाईने पुसलेली. आजीला वाचता येत नसे. ती आधी विचारायची, "त्यांनी वाचलं का हे?" वाचलंय म्हटलं की म्हणायची, "मग तब्येत बरी आहे असंच लिहिलं असणार. पुढचं वाच." मामाला हे माहीत होतं. एका पत्राची सुरुवातच त्याने 'तपासनीस साहेबांस सप्रेम नमस्कार' अशी केली होती. ती ओळ पुसलेली नव्हती, तपासनीस साहेबांना आवडली असावी. आम्हीही उत्तरं तशीच लिहू लागलो. कोणाच्या लग्नाचं लिहायचं, कोणाचं नाही, कोण घरी येऊन गेलं ते गाळायचं. मामा सुटून आल्यावरही आईची ही सवय किती तरी वर्षं गेली नाही. आजही ती फोनवर कोणाचं नाव घेताना किंचित थांबते.

असं कोणी सतत बघत असताना माणूस जगतो कसा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर खूप आधीच आला होता. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगला १९४१मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. पोलिसांनी मात्र त्याच्या नावाची फाइल उघडली. मग रात्री-अपरात्री शिपाई यायचे, दार ठोठावायचे, झोपेतून उठवून तो घरात असल्याची खात्री करायचे. परगावी जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं, आणि तिथे पोचेपर्यंत तिथल्या ठाण्याला वर्दी गेलेली असायची. १८ डिसेंबर १९६२ला निकाल लागला. रात्रीच्या धाडी न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, बाकीची पाळत चालेल म्हणून सांगितलं. सहा न्यायमूर्तींपैकी दोघांना हे पटलं नाही. सुब्बा राव यांनी लिहिलं की अशा माणसासाठी सगळा देशच तुरुंग होऊन बसतो. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले दुसरे न्यायमूर्ती होते जे. सी. शाह. पंधरा वर्षांनी आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करायला नेमलेला शाह आयोग तो यांचाच. अल्पमतातल्या त्या दोघांचं म्हणणं खरं ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला, म्हणजे १९७६चा, तो कुप्रसिद्ध निकाल चूक होता असं लिहिलं. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूडही होते. मिसाखाली डांबलेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही, असा तो निकाल. मामा हे वाचायला राहिला नव्हता.

आता थोडं राजकारणाकडे वळतो, कारण मला जे म्हणायचंय ते तिथे आहे. ऑगस्ट १९८८मध्ये रामकृष्ण हेगडे यांनी कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडलं. राज्यातल्या नेत्यांचे, त्यांत त्यांच्याच पक्षातल्यांचे, फोन ऐकले गेल्याचं बाहेर आलं आणि त्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. त्यामागे पक्षातली भांडणं होती हे खरंच, पण खुर्ची गेली ती फोनवरून. मार्च १९९१मध्ये राजीव गांधींच्या दिल्लीतल्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे दोन साध्या वेषातले शिपाई सापडले. काँग्रेसच्या टेकूवर उभ्या असलेल्या पंतप्रधान चंद्रशेखर यांनी ६ मार्चला राजीनामा दिला. दोन शिपायांवरून पंतप्रधान गेला! तेव्हा आम्ही त्याला खोटं निमित्त म्हणून हसलो होतो. आज ते निमित्त हेवा वाटावा असं वाटतं. फोन कोणी ऐकावा, किती दिवस, कोणाच्या परवानगीने, याचे धड नियमही त्या काळात नव्हते. नियम नव्हते तेव्हा खुर्च्या हलत. नियम आले आणि खुर्च्या घट्ट बसल्या.

नियम आले ते १९९६मध्ये. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना कोर्टात गेली होती. सीबीआयचा एक अहवाल १९९१मध्ये फुटला होता आणि निकालात त्यातला जो भाग आला आहे तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अण्णांना दाखवल्यावाचून राहवलं नाही. चार फोन ऐकले जात होते, पण परवानगीचा कागदच सापडत नव्हता. १३३ प्रकरणांत मुदत संपल्यावरही ऐकणं चालूच होतं. २७९ नंबरांच्या परवानग्या होत्या, पण टेलिफोन कंपनीच्या यादीत त्या नंबरांची नोंदच नव्हती. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे एक पाकीट कमी भरलं तर स्पष्टीकरण मागायचे," ते म्हणाले.

कोर्टाने ठरवून दिलं ते थोडक्यात असं. हुकूम एरवी गृहसचिवाच्या सहीने निघेल, केंद्रात केंद्राच्या, राज्यात राज्याच्या. तो दोन महिने चालेल, वाढवत नेला तरी सहा महिन्यांवर नाही. आणि प्रत्येक हुकूम एक समिती तपासेल. समितीत कोण? केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा कोणी नाही, बाहेरचा कोणीच नाही. न्यायालयाची पूर्वपरवानगी हवी ही मागणी कोर्टाने मान्य केली नाही, ते काम संसदेवर सोडलं. २००७मध्ये हेच सगळं टेलिग्राफ नियमांत ४१९-अ म्हणून आलं.

या समितीचं काम कसं चालतं याची झलक न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीच्या २०१८च्या अहवालात मिळते. मुंबई दंगलींच्या चौकशीचे तेच श्रीकृष्ण. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या तपासणी समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार हुकूम असतात, असं त्यात म्हटलं आहे. पोस्टमास्तरचा मुलगा असल्यामुळे मी लगेच हिशेब मांडला. समजा तीन सचिव सकाळी बसले, चहाला उठले नाहीत, जेवले नाहीत आणि आठ तास मान खाली घालून हुकूम तपासत राहिले. आठ तासांचे सेकंद २८,८००. एका हुकमाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. पुढे गेलं की आणखी एक कलम भेटतं. नियमांप्रमाणे हे कागद, गरज उरली नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे असतात. हेतू चांगला आहे, उगाच कोणाचं खासगी बोलणं कपाटात पडून राहू नये. पण त्याबरोबर हुकूमही जातो, आणि हुकमावरची सहीही. तुमचा फोन ऐकला गेला होता हे तुम्हाला कधीच कळवलं जात नाही, मागाहूनही नाही. मग तक्रार करणार कोण, आणि कशाच्या आधारावर?

ज्याला कळतं त्याला न्याय मिळूही शकतो. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. त्यात ना सार्वजनिक आणीबाणी होती ना लोकांच्या सुरक्षिततेला धोका. पण त्या गृहस्थाला कळलं ते त्याच्यावर खटला भरल्यामुळे. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही त्यांचं काय?

पेगॅसस या मोबाइलमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाजावाजा झाला तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी शेवटची सही सापडेल. जुलै २०२१मध्ये बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. २९ फोन तपासले गेले. पाचांत कसलं तरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं नक्की सांगता आलं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं सरन्यायाधीश रमणा यांनी ऑगस्ट २०२२मध्ये भर कोर्टात सांगितलं. पेगॅसस वापरलं का, या साध्या प्रश्नाला सरकारने शपथेवर हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. कोणी राजीनामा दिला नाही. कोणी मागितला तरी तो द्यायचा असतो, हे आता कोणाला आठवत नसावं.

आणि मग ते विधेयक परत आलं. तेच नव्हे, नवं, टपालघर विधेयक २०२३. लोकसभेत ते मंजूर झालं १८ डिसेंबरला. खरक सिंगचा निकाल १८ डिसेंबरचा, फोनचे नियम सांगणारा १९९६चा निकालही १८ डिसेंबरचाच. तारखांचे शिक्के बघत वाढलेल्या माणसाला असलं काही चटकन दिसतं, त्यात अर्थ काही नाही. त्या दिवशी दोन्ही सभागृहांतून मिळून ७८ खासदार निलंबित झाले होते, त्यामुळे विचारायला बाकांवर फारसं कोणी नव्हतं. सहा दिवसांत राष्ट्रपतींची सही झाली. झैलसिंगांच्या टेबलावर जे सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलं त्याला आता एक आठवडाही लागला नाही. १८ जून २०२४पासून १८९८चा कायदा गेला, हा आला. याचं नववं कलम सांगतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार देऊ शकतं. कारणांच्या यादीत राज्याची सुरक्षितता आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, आणि शेवटी कोणत्याही कायद्याचा भंग हेही आहे. मग इतकी वर्षं 'सार्वजनिक आणीबाणी' या दोन शब्दांवर कोर्टात कीस का काढला गेला, असा प्रश्न पडतो. पत्रं आता लिहितो कोण, असं माझा मुलगा म्हणाला. टपाल आता लोक पाठवत नाहीत हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात दूरसंचारचा नवा कायदाही झाला, आणि फोन तर त्याच्या हातातच होता.

अण्णांना तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं चालू होतं. ऐकायला कमी येतं, पण वाचून दाखवलं की समजतं. मी नववं कलम मराठी करून मोठ्याने वाचलं. "कोणताही अधिकारी म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. तसं नाव नाही, अधिसूचनेत जो नेमला जाईल तो, मी म्हणालो. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली.

१९७५ची दिवाळी झाली होती. साध्या कपड्यांतला एक जण पोस्टात आला आणि गावातल्या एका शिक्षकांची पत्रं आधी दाखवत जा म्हणाला. अण्णांनी सांगितलं, लेखी आणा. तो हसला. "मास्तर, एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला?" अण्णा म्हणाले, कलमात लेखी हुकूम म्हटलंय. तो गेला. चार दिवसांनी कागद घेऊन आला.

"मग?" मी विचारलं. मी अजूनही लहान मुलासारखा, त्यांनी नाही म्हटलं असेल, या आशेवर होतो.

"मग काय. दाखवली पत्रं. चार महिने. लेखी हुकूम होता, मी नोकर होतो, तुम्ही तिघं होतात." त्यांनी पाणी मागितलं. "गुरुजी रोज खिडकीवर यायचे. पत्र आलंय का विचारायचे. मी त्यांच्याकडे बघत नसे."

आई आत होती. तिला हे माहीत होतं की नाही मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"पण कागद मी नीट वाचला होता," अण्णा म्हणाले. मग त्यांनी सही कोणाची होती ते सांगितलं. आधी दोन आद्याक्षरं, मग आडनाव, मग हुद्दा. हुकमाचा क्रमांक आणि तारीख. एकोणपन्नास वर्षांनंतर, एकाही जागी न अडखळता.